तबकडी वाजत असताना

जळगावातल्या मेहरूणच्या त्या घरात राहायला गेले त्या पहिल्याच संध्याकाळी माझ्या घरमालकांनी माझ्या बादलीत टॉवेल टाकला. टॉवेलही माझाच, दोरीवरचा, धुतलेला. गच्चीला लागून उघडी मोरी होती, तिथं नळ सोडून मी पाठमोरी उभी होते. चाहूल लागली म्हणून वळले, तर पांढरा सदरा, धोतर आणि डोक्यावर टोपी असलेले हे गृहस्थ वाकून माझा टॉवेल घडीसकट बादलीच्या तळाशी दाबत होते. पाण्याची धार त्यावर पडायला लागली आणि आवाज बंद झाला. मग त्यांनी ओठांवर बोट ठेवलं, समाधानानं मान डोलावली आणि जिना उतरून गेले.  मी धुळ्याची, कडक वडिलांच्या धाकात वाढलेली, जळगावच्या एका मुलींच्या शाळेत नुकतीच नोकरीला लागलेली. परक्या घरात पहिल्याच दिवशी हे असलं काही पाहून मी नळ तसाच वाहता ठेवून उभी राहिले. खालून किणकिण काहीतरी वाजत होतं, तेवढं कानावर येत राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भांडायच्याच तयारीनं खाली उतरले. घरमालकीणबाई ओट्यावर लसूण सोलत बसल्या होत्या. सगळी आळी त्यांना अक्का म्हणे आणि त्यांच्या नवऱ्याला आबा. पुढे मीही तेच म्हणायला लागले.

"रागावू नको व माय," अक्का म्हणाल्या. "दिवेलागणीले आमच्या घरात आवाज करता येत नही. चौघं बसेल राह्यतात."

"कोण चौघं?"

अक्कांनी आतल्या खोलीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "अमेरिकेचे हायेत."

 घर बाधित असेल आणि भाडं त्यामुळेच कमी असेल, असं वाटलं. पण बाधाही अमेरिकेची?

त्याच संध्याकाळी आबांनी मला खाली बोलावून रीतसर ओळख करून दिली. आतल्या खोलीत शिसवी टेबलावर एक रेकॉर्ड प्लेअर होता, बाजूला लाकडी खोक्याचा जुना भला मोठा स्पीकर, आणि भिंतीतल्या फडताळात, जिथं इतर घरांत देव असतात तिथं, तबकड्यांची चवड. आबांनी एक वेष्टण काढून माझ्यासमोर धरलं. त्यावर चार कृष्णवर्णी माणसं होती. काळे कोट, टाय, चकचकीत बूट. एकाला प्राध्यापकासारखी दाढी. वाजवणारी माणसं असं वाटेना, कोर्टात तारीख असल्यासारखी चौघं गंभीर दिसत होती.

"हा पेटीवाला," आबा पियानोपाशी बसलेल्यावर बोट ठेवून म्हणाले. "हा मोठ्या सारंगीवाला, थोरला. हा झांजवाला. आन हा आमचा टिपरीवाला." टिपरीवाल्याच्या पुढ्यात टेबलासारखं लांबलचक वाद्य होतं, त्यावर धातूच्या पट्ट्या मांडलेल्या आणि हातात गुंडी लावलेल्या काड्या. "नावं इंग्रजीत हायेत मागच्या बाजूनं. पन घरच्या मानसाले कोन्ही नावानं हाक मारतं का?"

तरुणपणी आबा केळीच्या वॅगनींबरोबर दिल्लीला जात. शेती रावेरकडची, पंचक्रोशीतल्या बागायतदारांनी मिळून यांना विक्रीवर लक्ष ठेवायला धाडलेलं. तिथं एक परदेशी साहेब बदली होऊन मायदेशी निघाला होता आणि बंगल्यातलं सामान विकत होता. भजनं ऐकायला म्हणून आबांनी प्लेअर घेतला. साहेबानं अट घातली, तबकड्याही उचला. आबा व्यापारातले, घाऊक माल घेतला की डागी माल पदरात येणारच, हे त्यांना माहीत होतं. गावी आल्यावर भजनांच्या तबकड्या आणायच्या राहून गेल्या आणि हा डागी मालच वाजायला लागला. साहेबाला हे चौघं सोडून दुसऱ्या कुणाचं वेड नसावं, कारण जवळजवळ सगळ्या तबकड्या त्यांच्याच होत्या.

पहिल्या दिवशी मला त्यातलं काडीचं कळलं नाही. सुरुवातीला एकजण एक ओळ म्हणायचा, ती संपायच्या आत दुसरा तीच ओळ वेगळ्या सुरात उचलायचा, मग तिसरा. अगदी शाळेतल्या प्रार्थनेसारखं शिस्तीत. आणि शिस्त जरा अंगवळणी पडतेय तोवर चौघं एकदम पळत सुटायचे. पण पळतानाही कुणाच्या बुटांचा आवाज व्हायचा नाही. टिपरीवाल्याचा सूर तर वाजून गेल्यावरही हवेत थरथरत राहायचा. बँड म्हणावा तर दणदणाट नाही, गाणं म्हणावं तर शब्द नाहीत. मला राग येत होता आणि तरी उठावंसं वाटत नव्हतं.

"पाह्यलं?" बाजू संपल्यावर आबा म्हणाले. "चौघं बोलतात, पन कोन्ही कोनाच्या तोंडातला घास काढत नही. एक बोलला का तिघं ऐकतात. आपल्या ग्रामपंचायतीत पाह्यलं का असं कधी? भाऊबंदात पाह्यलं?"

हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. पेपरात मंत्रिमंडळाचं भांडण आलं की हे वाक्य, आळीत नळावर बायकांची जुंपली की हे वाक्य. माणसंही ते याच मापानं मोजत. आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका एकदा भेटायला आल्या आणि खूप बोलल्या. त्या गेल्यावर आबा म्हणाले, "झांज जास्त आहे बाईत."

दिवेलागणीला इतर घरांत उदबत्ती लागे, आमच्याकडे तबकडी. ती वाजत असताना घरात कुकर लावायचा नाही, भांडं घासायचं नाही, दार आपटायचं नाही, खोकला आला तर घरामागच्या मळ्याच्या बाजूच्या ओट्यावर जायचं. भिंतीवरच्या घड्याळाचा लंबक त्यांनी कधीच काढून ठेवला होता. आळीतल्या पोरांची तर त्यांनी नामी व्यवस्था केली होती. दिवस मावळायला लागला की ओट्यावर केळ्यांचा घड यायचा आणि प्रत्येक पोराच्या हातात एकेक केळं. मला आधी हे औदार्य वाटलं. एकदा तसं बोलूनही दाखवलं.

"औदार्य कशाचं?" आबा म्हणाले. "केळं तोंडात असलं का पोरगं बोलत नही."



आणि तरी माणूस मला आवडला, हे माझं मलाच आजही पटत नाही. आजारी पडले तेव्हा त्यांनी रावेरहून माझ्यासाठी केळफूल आणवलं. पगार उशिरा झाला तर भाड्याचा विषय काढला नाही. त्यांच्या चौघांबद्दल बोलताना त्यांचा चेहरा इतका उजळायचा की ऐकणाऱ्यालाही त्याची ऊब लागायची. वर्षभरात मी आपण होऊन खाली जाऊन बसायला लागले. टिपरीवाला कुठं गप्प होणार आणि पेटीवाला कुठं हळूच आत येणार, हे मला आधी कळायला लागलं होतं.

माझ्या भावाच्या लग्नाला दोघं धुळ्याला आले. मी बोलावलं म्हणजे येतील असं मला वाटलं नव्हतं. वरात हमरस्त्याच्या कडेनं चालली होती, बँडवाले जोरात होते, पोरं नाचत होती. अचानक बँड थांबला. पुढे जाऊन बघते तर आबा बँडच्या मधोमध उभे. एका हातानं त्यांनी ढोलवाल्याची काडी धरून ठेवलेली आणि दुसऱ्या हातानं क्लॅरनेटवाल्याला खुणावत होते की आता तू, एकटा. तो बिचारा घाबरून एकटाच वाजवायला लागला. मग आबांनी ढोलवाल्याला सोडलं, पण हळू, अगदी हळू, अशी खूण करून. मागं ट्रकांची रांग लागली, भोंगे वाजायला लागले, घोड्यावर माझा भाऊ घामाघूम.

माझे वडील धावत आले. संतापले की ते थेट अहिराणीत शिरत. "हाऊ कोन शे? बठ्ठी वरात उभी करी दिन्ही यानी!"

"माझे घरमालक," मी कसंबसं म्हटलं. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. पण एक गोष्ट सांगायला हवी. त्या दोन मिनिटांत त्या क्लॅरनेटवाल्यानं जे वाजवलं तसं त्या वरातीत आधी वाजलं नाही आणि नंतरही नाही. म्हातारा बँडमास्तर आबांकडे बघत होता तो काही रागानं नाही.

परतीच्या बसमध्ये अक्का माझ्याजवळ बसल्या होत्या. "पाह्यली आमची चांडाळ चौकडी?" त्या म्हणाल्या. "लगनातबी घेऊन येतात संगं." त्या हसल्या नाहीत, त्यामुळे मलाही हसता आलं नाही. खिडकीबाहेर बघत त्या म्हणाल्या, "चौघं एकमेकांचं ऐकतात म्हने. हे मले रोज ऐकवतात. माह्यं कोन्ही ऐकत नही, ते त्याईले दिसत नही."

आबा-अक्कांना एकच लेक. मी राहायला गेले तेव्हा कॉलेजात होती. शांत मुलगी, आळीतल्या मुलींत असली की खळखळून हसायची आणि घराचा उंबरा ओलांडला की तोंड मिटायची. दोनेक वर्षांनी तिचं लग्न रावेरला झालं. घर केळीच्या बागायतदाराचं, नवरा मोकळ्या स्वभावाचा, स्वतः ट्रॅक्टर चालवणारा आणि बिघडला तर स्वतःच उघडून बसणारा.

लग्नानंतरची पहिली आखाजी. अक्षय्य तृतीयेला आमच्या खानदेशात आखाजी म्हणतात, आणि लेकीबाळींसाठी दिवाळीपेक्षा तिचं महत्त्व मोठं. माहेरचा माणूस मुऱ्हाळी म्हणून सासरी जातो आणि लेकीला घेऊन येतो. झाडाला झोके बांधतात, गाणी होतात, लेक चार दिवस कामाला हात लावत नाही. आबांना मुलगा नव्हता म्हणून चुलतभावाचा मुलगा मुऱ्हाळी झाला. सणाच्या दिवशी जावईही आले. मान म्हणून त्यांना पाटावर बसवलं, आमरस-पुरणपोळी झाली, आणि संध्याकाळी आबांनी तबकडी लावली.

आबांची बसण्याची एक पद्धत होती. स्पीकरच्या खोक्याजवळ मांडी घालायची, डोळे मिटायचे आणि उजवा तळवा खोक्यावर टेकवायचा. अलीकडे तर तबकडी संपेपर्यंत हात उचलत नसत. आम्हाला ती भक्ती वाटे.

त्या दिवशी बाजू निम्मी झाली आणि चौघं एका जागी अडकले. टिंग टडंग, टिंग टडंग, तेच ते, तेच ते. मी अक्कांकडे पाहिलं, त्यांनी जमिनीकडे. मला वाटलं, या संगीताचं असंच असेल. नाहीतरी सगळं कुठं कळतं! खोलीत आम्ही सगळे त्या टिंग टडंगापुढे हात जोडल्यासारखे बसलो होतो आणि आबा डोळे मिटून डोलत होते.

"आबा," जावई हळूच म्हणाले, "सुई अडकली."

 त्या घरात तबकडी वाजत असताना कुणी बोलल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. आबांनी डोळे उघडले नाहीत. जावयांनी पुन्हा सांगितलं, जरा मोठ्यानं. मग ते सरळ उठले, यंत्र बघितलं की ज्याचे हात शिवशिवतात असा तो माणूस, आणि बोटानं सुईचा दांडा उचलला.

खोली शांत झाली. आबांनी डोळे उघडले. जावयांचा हात प्लेअरवर होता. आबांचा चेहरा असा पांढराफटक पडलेला मी त्याआधी पाहिला नव्हता.

"उठा," ते म्हणाले, जावई उभेच होते तरी. "चालते व्हा. माह्या घरात चौघं बोलत असताना पाचव्यानं हात घालायचा नही."

"अवो, सुई अडकेल व्हती," अक्का म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या.

"तुले काय कयतं त्यातलं?"

जावयांनी पायात चप्पल सरकवली आणि गेले. सणाच्या दिवशी, घरच्या जावयाला, एका तबकडीपायी! लेकीनं आपली पिशवी उचलली आणि तीही नवऱ्यामागे निघाली. आबा तिला थांबवायला उठले नाहीत. मी जिन्यात येऊन, दोघं आळीच्या टोकाशी दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले.

त्यानंतरच्या आखाजीला मुऱ्हाळी रिकाम्या हातानं परत आला. त्याच्याही पुढच्या आखाजीला कुणी गेलंच नाही. आळीत झोके बांधले जात, अक्का ओट्यावरसुद्धा येत नसत. मी आबांवर चिडलेली होते. बोलणं टाकलं नव्हतं, पण खाली जाऊन बसणं सोडलं होतं. ते मात्र रोज दिवेलागणीला पूर्वीपेक्षा जास्त कडक झाले. पोरांना एकाऐवजी दोन केळी मिळायला लागली.

तिसऱ्या वर्षी अक्कांनी आखाजीची साफसफाई काढली ती अंगात आल्यासारखी. लेक येणार नव्हती, हे त्यांना माहीत होतं. तरी भिंती झटकल्या, डबे घासले, गोधड्या धुतल्या. आमच्याकडे आखाजीआधी घरातली प्रत्येक वस्तू उन्हात काढायची रीत आहे. धान्य, मसाले, गाद्या, लोणच्याच्या बरण्या, पुस्तकं, सगळ्यांना ऊन दाखवायचं म्हणजे कीड लागत नाही. आबा शेतावर गेले होते, संध्याकाळच्या बसनं यायचे होते. दुपारी मी शाळेचे पेपर तपासून जरा आडवी झाले. ऊन उतरायला लागलं तसं वाळत घातलेली साडी काढायला गच्चीत गेले.

गच्चीत दोन खाटा होत्या. एकीवर धोतरावर ज्वारीच्या बिबड्या, म्हणजे आमच्याकडचे पापड, वाळत होत्या. दुसरीवर आबांच्या तबकड्या.

"ओ माय, हाई काय शे!" इतकी वर्षं जळगावात काढून माझ्या तोंडून अहिराणीच निघाली.

अक्कांनी त्या रिठ्याच्या पाण्यानं पुसल्या होत्या. स्वच्छ पुसून, वेष्टणांतून काढून, बिबड्यांसारख्याच एकमेकींना न लागू देता नीट मांडल्या होत्या. जळगावचं ऐन उन्हाळ्यातलं ऊन. काही तबकड्यांच्या कडा खाली लोंबल्या होत्या, काहींचे द्रोण झाले होते, काही नवारीच्या पट्ट्यांमध्ये खचून तशाच घट्ट झाल्या होत्या. मी एक उचलली. ती गरम होती आणि माझ्या हातात वाकली.

माझं ओरडणं ऐकून अक्का वर आल्या. बघितलं. एक तबकडी त्यांनी जमिनीवर ठेवली आणि सपाट व्हावी म्हणून वर पाट दाबला. थंड झालेली होती ती, काडकन मोडली. त्यानंतर त्यांनी दुसरीला हात लावला नाही.

"मी बुरशी जावी म्हनून ठेवल्या वं," त्या म्हणाल्या. "त्याईच्या वस्तूले कधी कोन्ही ऊन दाखवलं नही. सगळ्या घराले दाखवलं तं त्यालेबी दाखवावं म्हटलं."

आम्ही दोघींनी ती सगळी चवड खाली आणली. अक्कांनी हातपाय धुतले, साडी बदलली, कुंकू लावलं आणि ओट्यावर येऊन बसल्या. "आता मलेबी काढतीन घराबाहेर," त्या म्हणाल्या. "बरं होईन. पोरीकडे जाईन."  मी त्यांच्या शेजारी बसले, कारण त्या माणसापुढे त्यांना एकटं सोडायची माझी छाती झाली नाही.

आबा आले. आत गेले. आम्ही मागोमाग गेलो. टेबलावर ती वेडीवाकडी चवड. त्यांनी वरची तबकडी उचलली, उलटीसुलटी केली, पापड भाजला गेला का बघावं तशी. मग खाली बसले. आणि हसायला लागले. हुंदका असेल असं मला आधी वाटलं, पण ते खरोखर हसत होते.

"बरं झालं," ते म्हणाले. "सुटलो."

अक्का माझ्याकडे बघायला लागल्या. त्यांना वाटलं, म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला. मलाही तेच वाटलं.

"मले काही ऐकू येत नही," आबा म्हणाले. "पह्यले टिपरीवाला गेला. त्याची किनकिन मले लागेनाशी झाली. मंग झांज गेली. पेटीवाला थोडा थोडा व्हता, तोबी गेला. थोरला तेवढा राह्यला, त्याची धडधड हाताले लागे म्हनून."

खोक्यावरचा तळवा! मी त्या स्पीकरकडे पाहिलं.

"कव्हापासून?" अक्कांनी विचारलं. त्यांना दोनदा विचारावं लागलं, दुसऱ्यांदा आबांच्या कानाशी ओरडून.

"पोरीच्या लग्नाच्या आंधीपासून."

"म्हंजे जावयानं सुई उचलली तवा..."

"मले काय माहीत सुई अडकेल? हाताले धडधड लागे. एकदम बंद झाली, डोये उघडतो तं त्याचा हात. वाटलं, याले समजलं. आता हा सगळ्याईले सांगीन, का म्हातारा बहिरा आहे."

"मंग तव्हा सांगाचं व्हतं!"

"एवढं घर गप्प केलं मी," आबा म्हणाले. "कोन्या तोंडानं सांगू?"

 मी आले तेव्हा या माणसाला माझ्या नळाची धार खालच्या मजल्यावर ऐकू येत होती, आणि पुढची कितीतरी वर्षं आम्ही सगळे, आळीतल्या पोरांसकट, ज्याला काहीच ऐकू येत नाही अशा माणसासाठी श्वास रोखून बसत होतो. आम्हाला कधी संशय कसा आला नाही, याचं आधी नवल वाटलं. मग लक्षात आलं. त्या घरात आबांशी बोलायचंच कोण? ते बोलायचे, बाकीचे ऐकायचे. ऐकू न येणाऱ्या माणसाला लपून राहायला याहून सोयीचं घर मिळणार नाही.

अक्का रडतील असं मला वाटलं. त्या रडल्या नाहीत. त्या आबांच्या अगदी समोर जाऊन बसल्या आणि एकेक शब्द सुटा करून, तोंड मोठं उघडून म्हणाल्या, "उद्या. रावेरले. तुमी मुऱ्हाळी व्हा."

बापानं मुऱ्हाळी होऊन लेकीच्या दारात जायचं, तेही ज्या जावयाला हाकलून दिलं त्याच्या, हे आमच्याकडे कुणी ऐकलेलं नाही. आबांनी मान हलवली, ती हो म्हणून की नाही म्हणून ते मला कळलं नाही. पण सकाळी ते टोपी घालून तयार होते. अक्कांनी मलाही ओढून नेलं. "तू चाल मास्तरीन. कंडक्टर काय म्हनतो तेबी त्याईले ऐकू येनार नही, आन मी एकटी पडीन."

त्या आखाजीला लेक माहेरी आली, झोक्यावरही बसली. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर वाचणाऱ्याचा जीव टांगणीला लागेल. माझ्या मनातून जात नाही ते रावेरच्या ओट्यावरचं.

जावई अंगणात ट्रॅक्टर धूत होते. सासऱ्यांना बघून त्यांनी पाईप टाकला आणि पुढे आले. आबांनी हात जोडले. सगळ्या अंगणात ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले, "जावईबापू, मी बहिरा आहे. त्या दिशीबी बहिराच व्हतो. तुमची काही चूक नव्हती."

जावई गोंधळले. मग समजलं तसे हसले, अगदी मोकळे हसले. "एवढंच व्हतं का आबा? या, बसा. घेऊन जा तिले." त्यांनी तांब्या-भांडं मागवलं. सगळं इतकं सहज झालेलं पाहून माझा जीव भांड्यात पडला. रस्त्यापलीकडे केळीचे घड ट्रकमध्ये चढत होते, माणसांची हाकाटी चालली होती, सगळं कसं सणाच्या तयारीसारखं वाटत होतं.

लेक आतून आली. तिनं आधी अक्कांना पाहिलं, मग आबांना. ती पाया पडायला वाकली नाही. ओट्याच्या खांबाशी उभी राहिली.

"बहिरे तुमी आता झाले, आबा," ती म्हणाली. "मी लहान व्हती तवा तं तुमाले चांगलं ऐकू ये. न्हानीत मले इच्चू चावला. तुमची तबकडी लागेल व्हती. मी वरडू नही म्हनून आईनं माह्या तोंडात पदर कोंबला. तबकडी सरेपर्यंत."

जावयांच्या हातातला तांब्या तसाच राहिला. त्यांनाही हे ठाऊक नव्हतं, ते त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. मला वाटलं, हे माझ्या कानांनी चुकीचं ऐकलं असेल तर किती बरं होईल.

आबा तिच्या ओठांकडे टक लावून बघत होते. कपाळाला आठ्या पडल्या होत्या. "काय म्हनली?" ते म्हणाले. "मले नही आलं ऐकू. पुन्हा सांग."

इतक्या वर्षांत त्यांनी कुणाला पुन्हा सांग म्हटलेलं मी प्रथमच ऐकलं. तिनं आता काहीतरी दुसरं सांगावं, काही नाही म्हणावं, विषय बदलावा, असं मला अगदी मनापासून वाटत होतं. सणाचा दिवस तोंडावर आला होता, म्हातारा दारात आला होता.

तिनं तेच पुन्हा सांगितलं. शब्द न् शब्द तोच, फक्त मोठ्यानं. ट्रकपाशी घड चढवणारी माणसं वळून बघायला लागली. या वेळी ती आबांकडे बघत नव्हती, अक्कांकडे बघत होती. अक्कांनी मान खाली घातली. पदराचं टोक त्यांच्या मुठीत होतं.

आबांना या वेळी ऐकू गेलं. त्यांनी माफी मागितली नाही, अक्कांकडेही पाहिलं नाही. हळूहळू ओट्याच्या पायरीवर खाली बसले, टोपी काढून बाजूला ठेवली आणि लेकीच्या पायांकडे बघायला लागले.

"कोन्या पायाले?"

"डाव्या," ती म्हणाली.

ते मात्र त्यांना ऐकू गेलं नसावं. ते एकदा या पायाकडे, एकदा त्या पायाकडे बघत राहिले. तेव्हा तिनं साडी जराशी वर धरली आणि डावा पाय पुढे केला.